पंचायत-पालिकेतील नोकरी आणि स्वयंसेवा: गोव्यात चारित्र्य पडताळणीची तयारी कशी करावी

पंचायतीत लिपिक, नगरपालिकेत पर्यवेक्षक किंवा पणजी महापालिकेत कामगार म्हणून निवड झाल्यावर उमेदवाराच्या हाती जे पत्र पडते, त्यात ही नियुक्ती चारित्र्य व पूर्वेतिहासाच्या पडताळणीच्या अधीन राहील, असे एक वाक्य असते. वैद्यकीय तपासणीच्या वाक्याशेजारी ते असल्यामुळे बहुतेकांना तेही एक औपचारिकता वाटते. या विषयावर उच्च न्यायालयांत आणि सर्वोच्च न्यायालयात गेलेली प्रकरणे वाचली, तर वाद अनेकदा जुन्या गुन्ह्यावर नव्हे, तर उमेदवाराने स्वतःविषयी भरून द्यायच्या साक्षांकन नमुन्यातील (ॲटेस्टेशन फॉर्म) एका रकान्यात लिहिलेल्या ‘नाही’ या उत्तरावर उभा असल्याचे दिसते. म्हणून पडताळणीची तयारी पोलिस घरी येतील त्या दिवशी सुरू करून उपयोग नाही. ती अर्ज भरण्याच्या आधी सुरू व्हायला हवी.

हा लेख मुख्यतः स्थानिक स्वराज्य संस्थांत नोकरीसाठी अर्ज करणाऱ्यांसाठी आहे. शेवटच्या भागात, स्वयंसेवक घेणाऱ्या पंचायतींनी, पालिकांनी आणि त्यांच्याबरोबर काम करणाऱ्या संस्थांनी कोणती काळजी घ्यावी, हे सांगितले आहे.

कोणता कागद कशासाठी

गोव्यात सर्वाधिक गोंधळ पारपत्र कार्यालयाच्या पोलिस क्लिअरन्स प्रमाणपत्राविषयी होतो. आखातात, युरोपात किंवा इंग्लंडमध्ये घरातले कोणी ना कोणी गेलेले असल्यामुळे हा कागद घरोघरी माहीत आहे. मात्र तो परदेशात नोकरी, निवास किंवा दीर्घ मुदतीचा व्हिसा यांसाठी दिला जातो. पंचायतीतील जागेसाठी तो काढून आणणे म्हणजे वेळ आणि पैसा वाया घालवणे होय.

दुसरा कागद म्हणजे गोवा पोलिसांकडून अर्जदाराने स्वतःच्या नावाने मागितलेला दाखला. आपल्या पोलिस स्थानकात किंवा गोवा पोलिसांच्या नागरिक संकेतस्थळावर त्याची चौकशी करता येते. कंत्राटी कामासाठी, शाळेतील साहाय्यकाच्या जागेसाठी आणि स्वयंसेवेसाठी अनेकदा हाच मागितला जातो. तो दिल्याच्या तारखेपर्यंतच्या नोंदींविषयीच बोलतो, त्यामुळे वर्षभरापूर्वीचा दाखला पुढे केला तर संस्थेने तो न स्वीकारणे रास्त ठरते.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे नियुक्ती करणाऱ्या खात्याने किंवा संस्थेने स्वतः करवून घेतलेली पडताळणी. यात उमेदवार साक्षांकन नमुना भरून देतो, तो जिल्हा प्रशासन आणि पोलिस यंत्रणेकडे जातो आणि अहवाल थेट खात्याकडे परत येतो. मधल्या काळात उमेदवाराच्या हाती काही नसते. निवड परीक्षा घेणाऱ्या आयोगाचा या टप्प्याशी संबंध उरलेला नसतो, त्यामुळे त्याबाबतची चौकशी नियुक्तीपत्र देणाऱ्या कार्यालयातच करावी.

राजपत्रित अधिकाऱ्याने दिलेला चांगल्या वर्तणुकीचा दाखला या तिन्हींहून वेगळा आहे. ते एका माणसाचे मत असते. मामलेदारांकडून मिळणारा १५ वर्षांच्या रहिवासाचा दाखलाही चारित्र्याविषयी काही सांगत नाही, मात्र त्यावरील पत्ता आणि साक्षांकन नमुन्यातील पत्ता जुळतो की नाही, हे पाहिले जाते.

पहिली पायरी: आपली नोंद आपण आधी पाहणे

कोऱ्या कागदावर गेल्या दहा वर्षांतील सर्व पत्ते महिना आणि वर्षासह लिहून काढावेत. नमुन्यात सहसा पाच वर्षांचा तपशील विचारलेला असतो, तरी मागे जाऊन पाहणे हिताचे ठरते, कारण गुन्ह्याविषयीच्या प्रश्नांना काळाची मर्यादा बहुधा नसते. पुण्यात किंवा बेळगावात शिक्षणासाठी काढलेली वर्षे, वेर्णा औद्योगिक वसाहतीत नोकरी करताना भाड्याने घेतलेली खोली, लग्नानंतर बदललेला पत्ता हे सर्व त्यात यावे. प्रत्येक पत्त्यापुढे तो कोणत्या पोलिस स्थानकाच्या हद्दीत येतो, हेही लिहावे. जहाजावर काम केलेल्या तारवटींनी आपल्या करारांच्या तारखा वेगळ्या नोंदवाव्यात, कारण या रिकाम्या महिन्यांविषयी हमखास विचारणा होते. परदेशात वर्ष-दोन वर्षे राहिलेल्या व्यक्तीकडे त्या देशाच्या पोलिसांनी दिलेले प्रमाणपत्र असेल, तर ते जपून ठेवावे. इथल्या पोलिसांना तिथल्या नोंदी दिसत नाहीत आणि मागाहून तो कागद मागवणे त्रासाचे असते.

यानंतर न्यायालयीन नोंदी पाहाव्यात. ई-कोर्ट्स सर्व्हिसेस या संकेतस्थळावर किंवा त्याच्या मोबाइल ॲपवर राज्य, जिल्हा आणि न्यायालय संकुल निवडून पक्षकाराच्या नावाने शोध घेता येतो. वर्ष द्यावे लागते, म्हणून शंका असलेल्या प्रत्येक वर्षासाठी आणि प्रलंबित व निकाली अशा दोन्ही प्रकारांत स्वतंत्र शोध घ्यावा. गुन्हा क्रमांक माहीत असल्यास पोलिस स्थानक आणि वर्षावरूनही शोधता येते. प्रत्येक खटल्याला मिळालेला सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक लिहून ठेवावा. तो एकदा हाती आला की पुढचे सर्व शोध सोपे होतात. संगणकीकरणापूर्वीचे खटले मात्र येथे सापडतीलच असे नाही. त्यांच्यासाठी संबंधित न्यायालयाच्या नक्कल विभागातच जावे लागते.

गोव्यात या शोधाला आणखी एक अडसर आहे, तो नावांच्या इंग्रजी वर्णलेखनाचा. एकाच घराण्यातील एका भावाच्या आडनावात पोर्तुगीज वळणाने ‘श’ऐवजी एक्स असतो आणि दुसऱ्याच्या आडनावात एस-एच. नाईक, देसाई, कामत, गावकर, प्रभू यांची दोन-तीन रूपे तर सरसकट आढळतात. पोलिस स्थानकात गुन्हा नोंदवताना फिर्यादीने सांगितले तसे नाव लिहिले जाते, कधी वडिलांचे नाव गळते, तर कधी ‘उर्फ’ लावून गावातले टोपणनाव टाकले जाते. म्हणून शोध प्रत्येक संभाव्य रूपाने घ्यावा. गोवा नाव व आडनाव बदल कायदा, १९९० खाली ज्यांनी नाव बदलले आहे, त्यांनी जुन्या नावानेही शोध घ्यावा आणि साक्षांकन नमुन्यात जुने नाव न चुकता लिहावे. नमुन्यात त्यासाठी सहसा स्वतंत्र रकाना असतो आणि तो रिकामा राहिला तर लपवाछपवीचा संशय येतो. उलट प्रसंगही उद्भवतो. आपल्याच नावाच्या दुसऱ्या माणसाचा खटला आपल्या नावावर दिसू शकतो. अशा वेळी त्या खटल्यातील आरोपीचे वय, वडिलांचे नाव आणि पत्ता दाखवणारी प्रत काढून ठेवली, तर पुढे एका पानाच्या खुलाशाने काम भागते.

सापडलेल्या प्रत्येक प्रकरणाचे चार कागद जमवावेत: एफआयआरची प्रत, आरोपपत्र किंवा तपास बंद झाल्याचा अहवाल, जामिनाचा आदेश आणि अंतिम निकालाची प्रमाणित प्रत. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशानुसार संवेदनशील प्रकरणे वगळता एफआयआर पोलिसांच्या संकेतस्थळावर ठेवले जातात, त्यामुळे अलीकडची प्रत मिळवणे कठीण नाही. निकालाच्या प्रमाणित प्रतीसाठी मात्र न्यायालयात अर्ज करावा लागतो आणि तिला लागणारा वेळ अर्जाच्या शेवटच्या तारखेची वाट पाहत नाही. वकिलाने ‘केस संपली’ असे फोनवर सांगितले होते, एवढ्यावर विसंबू नये. केस कशी संपली, हे निकालपत्रातच कळते आणि पुढचे सारे त्यावर अवलंबून असते.

दुसरी पायरी: रकाने भरणे

साक्षांकन नमुन्यातील प्रश्न एका दमात वाचले की एकच प्रश्न वाटतो, पण त्यात अनेक वेगळे प्रश्न असतात. तुम्हाला कधी अटक झाली होती का, तुमच्यावर कधी खटला चालवला गेला का, तुम्हाला स्थानबद्ध केले होते का, तुमच्याकडून बंधपत्र घेतले होते का, न्यायालयाने दंड केला होता का, दोषी ठरवले होते का, सध्या एखादे प्रकरण प्रलंबित आहे का. यांतील प्रत्येकाचे उत्तर स्वतंत्र असते. निर्दोष सुटलेल्या माणसाचे ‘दोषी ठरवले होते का’ याचे उत्तर ‘नाही’ आणि ‘खटला चालवला गेला का’ याचे उत्तर ‘होय’ असते. शेवट चांगला झाला म्हणून आधीच्या सर्व प्रश्नांना ‘नाही’ लिहिणे ही नेहमी होणारी चूक आहे.

तडजोडीने मिटलेल्या खटल्यालाही हेच लागू होते. कायद्याने तडजोडीचा परिणाम निर्दोष मुक्ततेसारखा मानला असला, तरी खटला चालला होता, ही गोष्ट पुसली जात नाही. पर्वरी येथील उच्च न्यायालयाने एफआयआर रद्दबातल ठरवला असला, तरी ‘कधी गुन्हा नोंद झाला होता का’ असा थेट प्रश्न असल्यास ‘होय’ लिहून सोबत आदेशाची प्रत जोडावी. तसा आदेश हाती असताना ‘होय’ लिहिण्यात तोटा जवळजवळ नाही. ‘नाही’ लिहिण्यात मात्र आहे.

गावात सर्वांत जास्त विसरली जाणारी गोष्ट म्हणजे चॅप्टर केस. मुंडकाराच्या (भाटकाराच्या जमिनीत घर करून राहणाऱ्याच्या) घराची भिंत, कोमुनिदादच्या (गावाच्या सामायिक मालकीच्या) जमिनीतून जाणारी वाट, देवस्थानातील मानापमान अशा कारणांवरून दोन गटांत तंटा झाला की पोलिस शांतता राखण्यासाठी कार्यकारी दंडाधिकाऱ्यांपुढे अहवाल पाठवतात आणि दोन्ही बाजूंच्या लोकांकडून बंधपत्र घेतले जाते. पूर्वी ही कारवाई फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १०७ खाली होत असे, आता ती भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १२६ खाली होते. ती शिक्षा नाही आणि गुन्हा सिद्ध झाल्याचा पुरावाही नाही. तरीही ‘बंधपत्र घेतले होते का’ हा प्रश्न नेमका तिच्याविषयीच आहे. अशा कार्यवाहीत सबंध कुटुंबाची नावे घातलेली असतात आणि एकोणीस वर्षांच्या मुलाला, आपण काकांबरोबर मामलेदार कचेरीत जाऊन सही केली होती ती कशासाठी, हे दहा वर्षांनी आठवत नाही. घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून ही खात्री आधीच करून घ्यावी.

वाहनांची प्रकरणे दोन गटांत मोडतात. हेल्मेट नसल्याबद्दल किंवा चुकीच्या जागी गाडी लावल्याबद्दल वाहतूक पोलिसाकडे भरलेली तडजोड रक्कम हा न्यायालयाने केलेला दंड नव्हे. मद्य पिऊन वाहन चालवल्याबद्दल मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ खाली न्यायालयात उभे राहून भरलेला दंड मात्र न्यायालयाचाच दंड असतो आणि तो लिहावा लागतो. अपघातात कोणी जखमी झाले असल्यास त्यासाठीचा गुन्हा वेगळा नोंदला जातो. जुन्या प्रकरणात तो भारतीय दंड संहितेच्या कलम २७९ व ३३७ खाली, तर १ जुलै २०२४ पासूनच्या घटनेत भारतीय न्याय संहितेच्या कलम २८१ व १२५ खाली दिसेल. जुन्या प्रकरणाची कलमे नव्या कायद्यात रूपांतरित करून लिहू नयेत. एफआयआरमध्ये जी आहेत, तीच लिहावीत.

धनादेश न वटल्याचा खटला अनेकांना दिवाणी वाटतो. पराक्रम्य दस्तऐवज कायदा, १८८१ च्या कलम १३८ खालील तक्रार फौजदारी असते आणि तीत पोलिस नसल्यामुळे पोलिसांच्या अहवालात ती येत नाही. ती ई-कोर्ट्सवर मात्र कोणालाही दिसते. याउलट पत्नीने पोटगीसाठी केलेला अर्ज न्यायदंडाधिकाऱ्यांच्या न्यायालयात चालत असला, तरी तो गुन्ह्याचा खटला नाही. शेजाऱ्याने दिलेली आणि पोलिसांनी अदखलपात्र म्हणून नोंदवून ठेवलेली तक्रारही खटला ठरत नाही. मात्र नमुन्यात ‘तक्रार’ असा शब्द असेल तर तिचा उल्लेख करावा.

गोव्यापुरता एक कायदा येथे विसरून चालणार नाही. गोवा बाल कायदा, २००३ खाली मुलांवरील अत्याचाराचे गुन्हे स्वतंत्र बाल न्यायालयापुढे चालतात. शेजाऱ्यांच्या भांडणात अल्पवयीन मुलावर हात उगारल्याचा आरोप असेल, तर साध्या मारहाणीच्या कलमांबरोबर या कायद्याचे कलम ८ लावले जाते. आरोपीच्या दृष्टीने ते वाड्यावरचे भांडण असते, पण अंगणवाडी, शाळा किंवा क्रीडा मैदान यांच्याशी संबंधित जागेसाठी अर्ज करताना त्याचे वजन फार वेगळे पडते. अशा प्रकरणाचा निकाल कसा लागला, हे कागदासह सांगण्याची तयारी ठेवावी.

अठरा वर्षे पूर्ण होण्यापूर्वीच्या घटनेबाबत कायदा उमेदवाराच्या बाजूने आहे. बाल न्याय कायदा, २०१५ च्या कलम २४ नुसार अशा प्रकरणातील दोषसिद्धीमुळे कोणतीही अपात्रता येत नाही (सोळा ते अठरा वयोगटातील ज्या मुलावर प्रौढाप्रमाणे खटला चालवला गेला, तो याला अपवाद आहे) आणि कलम ७४ नुसार निकाली निघालेल्या प्रकरणाची माहिती पोलिसांनी चारित्र्य दाखल्यासाठी उघड करायची नसते. नेमक्या शब्दांत काय लिहावे, याबाबत मात्र अशा उमेदवाराने वकिलाचा सल्ला घ्यावा. प्रौढांसाठी अशी व्यवस्था नाही. ठरावीक वर्षे उलटली की दोषसिद्धी आपोआप पुसली जाते, हा समज चुकीचा आहे. अपराधी परिवीक्षा कायदा, १९५८ खाली (चांगल्या वर्तनाच्या अटीवर, म्हणजे प्रोबेशनवर) सुटलेल्याला कलम १२ चे संरक्षण आहे, पण ते कायद्याने येणाऱ्या अपात्रतेपुरते असून रकान्यात ‘नाही’ लिहिण्याची मुभा त्यातून मिळत नाही.

रकाना लहान असेल तर ‘सोबतचे परिशिष्ट पाहावे’ असे लिहून स्वतंत्र कागद जोडावा. त्यातील मजकूर कोरडा आणि तारखांनी भरलेला असावा. उदाहरणार्थ: ‘सन २०१७ मध्ये ____ पोलिस स्थानकात गुन्हा क्रमांक ____ भारतीय दंड संहितेच्या कलम ३४१ व ३२३ खाली नोंद झाला. दिनांक ____ रोजी मला अटक होऊन त्याच दिवशी जामीन मिळाला. ____ येथील प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांच्या न्यायालयात खटला क्रमांक ____ चालून दिनांक ____ रोजी तडजोडीने निकाली निघाला. निकालाची प्रमाणित प्रत सोबत जोडली आहे. याखेरीज माझ्याविरुद्ध अन्य प्रकरण नाही.’ फिर्यादी कसा वाईट होता, आपण कसे निष्पाप होतो आणि घरची परिस्थिती कशी होती, हे येथे लिहू नये. त्याची जागा पुढे खुलासा मागितला गेल्यास येते. भरलेल्या नमुन्याची आणि परिशिष्टाची छायाप्रत कार्यालयाच्या पोचेच्या शिक्क्यासह घरी ठेवावी. नमुना दिल्यानंतर आणि पडताळणी पूर्ण होण्यापूर्वी एखादा गुन्हा नोंद झाला किंवा अटक झाली, तर तेही लेखी कळवण्याची जबाबदारी उमेदवाराचीच असते.

तिसरी पायरी: पोलिसांची चौकशी

पोलिस आपल्या स्थानकातील नोंदी आणि देशभरातील स्थानकांना जोडणाऱ्या सीसीटीएनएस प्रणालीतील नोंदी पाहतात. त्यानंतर हद्दीतील कर्मचारी पत्त्यावर येतो किंवा उमेदवाराला स्थानकात बोलावले जाते. ओळखपत्र, रहिवासाचा पुरावा, घरपट्टीची पावती किंवा भाडेकरार आणि जुन्या प्रकरणांचे कागद तयार ठेवावेत. गोव्यातील गावात वाडा, प्रभाग आणि घर क्रमांक या तीन गोष्टी मिळून पत्ता पूर्ण होतो, आणि जुना घर क्रमांक बदलून नवा आला असेल तर दोन्ही सांगावेत. शेजाऱ्यांकडे विचारपूस होणे साहजिक आहे. त्यात अपमान मानण्याचे कारण नाही. पैशांची मागणी झाली तर पैसे देऊ नयेत.

बाहेरच्या राज्यातील पत्ता असल्यास तिथल्या पोलिसांकडे कागद जातो आणि अडतो तो तिथेच. सावंतवाडीला किंवा बेळगावला घरी गेलेला कर्मचारी कुलूप पाहून ‘सदर पत्त्यावर राहत नाही’ असा शेरा मारतो आणि येथे तो प्रतिकूल अहवाल म्हणून वाचला जातो. तिथल्या घरमालकाला किंवा वसतिगृहाच्या अधीक्षकाला आधी कल्पना देऊन ठेवणे, एवढा साधा उपाय बहुतेक वेळा पुरतो.

अहवाल प्रतिकूल आला तर

प्रतिकूल अहवाल म्हणजे नियुक्ती आपोआप रद्द, असे नसते. सर्वोच्च न्यायालयाच्या त्रिसदस्यीय खंडपीठाने २०१६ मध्ये अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात याबाबतची तत्त्वे एकत्र मांडली आणि आजही खात्यांनी व न्यायालयांनी घेतलेले निर्णय त्याच चौकटीत तपासले जातात. उमेदवाराने दिलेली माहिती खरी असली पाहिजे, हे त्यातील पहिले तत्त्व आहे. पण माहिती दडवली गेली असली, तरी तरुण वयात घोषणा दिल्यासारखा किरकोळ गुन्हा असल्यास नियुक्ती करणारा अधिकारी ती चूक पोटात घालू शकतो. खरी माहिती दिली म्हणजे नोकरीचा हक्क मिळाला, असेही नाही: निकाली प्रकरण प्रामाणिकपणे सांगितल्यानंतरही पूर्वेतिहासाचा विचार करण्याचा अधिकार नियोक्त्याकडे राहतो. निर्दोष मुक्तता पूर्ण पुराव्याअंती झाली की केवळ तांत्रिक कारणाने किंवा संशयाच्या फायद्यावर झाली, हा फरक गंभीर गुन्ह्यांत विचारात घेतला जातो. निकालपत्राची प्रमाणित प्रत हवी, ती यासाठी.

उमेदवाराच्या उपयोगाची आणखी तीन तत्त्वे याच निकालात आहेत. नमुन्यातील प्रश्न मोघम असता कामा नये आणि जे स्पष्ट विचारलेले नाही, ते न सांगितल्याचा दोष लावता येत नाही. आपल्याविरुद्ध प्रकरण प्रलंबित असल्याचे उमेदवाराला माहीतच नव्हते, तर माहिती दडवल्याचा ठपका ठेवण्यापूर्वी ती त्याला ठाऊक होती, हे दिसले पाहिजे. तसेच सेवेत कायम झालेल्या कर्मचाऱ्याला या कारणावरून काढायचे असल्यास आधी विभागीय चौकशी करावी लागते.

कारणे दाखवा नोटीस आली तर दिलेल्या मुदतीत, गरज भासल्यास लेखी मुदतवाढ मागून, उत्तर द्यावे. त्यात नमुन्यातील प्रश्नाचा मूळ मजकूर उद्धृत करावा, आपण काय लिहिले होते ते छायाप्रतीवरून दाखवावे, घटनेच्या वेळचे आपले वय, गुन्ह्याचे स्वरूप, निकाल आणि ज्या पदासाठी निवड झाली त्या पदाची कर्तव्ये यांचा संबंध मांडावा. नगरपालिकेच्या बागेतील माळी आणि पालिकेचा रोखपाल यांच्या बाबतीत जुन्या फसवणुकीच्या आरोपाचे महत्त्व सारखे नसते, आणि हा युक्तिवाद करण्यात गैर काही नाही. पोलिस अहवालाची प्रत मिळाली नसेल तर माहिती अधिकार कायद्याखाली मागावी. उत्तराची मुदत ३० दिवसांची असते, त्यानंतर प्रथम अपील आणि पुढे राज्य माहिती आयोग. या वाटेला वेळ लागतो, म्हणून नोटिशीचे उत्तर तिच्यासाठी थांबवू नये. नियुक्ती रद्द झाल्याचा आदेश आलाच, तर विलंब न लावता वकिलाकरवी उच्च न्यायालयात दाद मागता येते.

स्वयंसेवकांची पडताळणी: पंचायतींनी काय करावे

नोकरीच्या बाबतीत पद्धत ठरलेली आहे. स्वयंसेवेच्या बाबतीत ती बऱ्याच ठिकाणी ‘आमच्याच गावचा मुलगा’ या तीन शब्दांत आटोपते. पंचायतीच्या वाचनालयात मुलांना शिकवणारा, मैदानावर फुटबॉल किंवा क्रिकेटचे प्रशिक्षण देणारा, एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांच्या घरी औषधे पोचवणारा, हे सारे विश्वासाच्या जागी काम करतात, आणि परिचय हा पडताळणीला पर्याय होऊ शकत नाही.

सरसकट सर्वांची पोलिस चौकशी करणेही शहाणपणाचे नाही. मिरामारच्या किनाऱ्यावर एका रविवारी कचरा उचलायला येणाऱ्या शंभर जणांचे कागद पोलिस स्थानकात पाठवले, तर पुढच्या खेपेस वीस येतील आणि पोलिसही वैतागतील. कामाचा धोका पाहून ठरवावे: मुलांशी किंवा असहाय व्यक्तींशी देखरेखीविना संपर्क, लोकांच्या घरात प्रवेश, पैसे हाताळणे, नागरिकांची खासगी माहिती पाहणे. यांपैकी एकही गोष्ट असेल तर पडताळणी करावी, नसेल तर ओळखपत्राची प्रत आणि एका जबाबदार व्यक्तीचा संदर्भ पुरेसा मानावा.

मुलांच्या बाबतीत कायद्याचा आधार स्पष्ट आहे. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणाऱ्या पोक्सो कायद्याखालील नियम, २०२० नुसार शाळा, पाळणाघर, क्रीडा अकादमी किंवा मुलांशी नियमित संपर्क येणाऱ्या कोणत्याही संस्थेने आपल्या प्रत्येक कर्मचाऱ्याची, तो कायम असो वा कंत्राटी, पोलिस पडताळणी ठरावीक काळाने करायची आहे. नियमातील शब्द कर्मचाऱ्यांविषयी आहेत. तरीही विनामूल्य काम करणाऱ्याला त्यातून सूट द्यावी, असे मानण्याला काही कारण दिसत नाही, आणि पंचायतीने स्वतःच्या ठरावाने ती कक्षा वाढवावी, असे माझे मत आहे. लैंगिक गुन्हेगारांची राष्ट्रीय सूची २०१८ पासून अस्तित्वात आहे, पण ती फक्त तपास यंत्रणांना खुली आहे. ती पाहून देतो, असे सांगणाऱ्या खासगी एजन्सीवर विश्वास ठेवू नये. अशा एजन्सींना न्यायालयांच्या सार्वजनिक नोंदींपलीकडे काही दिसत नाही आणि त्या नोंदी पंचायत सचिवही पाहू शकतो.

पद्धत अशी ठेवता येईल. पंचायत मंडळाच्या बैठकीत कोणत्या कामांसाठी पडताळणी लागेल, याचा ठराव करावा. स्वयंसेवकाकडून लेखी संमती घ्यावी आणि तीत माहिती कशासाठी वापरली जाईल, हे लिहावे. अर्जात प्रश्न नेमके विचारावेत: ‘तुमच्यावर काही केस आहे का’ असा सैल प्रश्न विचारला की उत्तरही सैल येते. स्वयंसेवकाला दाखला स्वतः आणायला सांगावे किंवा संमतीपत्रासह पंचायतीने पोलिस निरीक्षकांना पत्र द्यावे. अहवाल येईपर्यंत त्याला काम द्यायचे असल्यास दुसऱ्या जबाबदार माणसाच्या उपस्थितीतच द्यावे. अहवालात काही आढळले तर आधी त्या व्यक्तीला ते दाखवून तिचे म्हणणे ऐकावे आणि मगच निर्णय घ्यावा, कारण सारख्या नावाचा घोटाळा येथेही होतोच.

हे कागद सरपंच आणि सचिव यांच्यापलीकडे जाऊ नयेत. ग्रामसभेत एखाद्याने ‘त्याचा रिपोर्ट वाचून दाखवा’ अशी मागणी केली, तरी ती मान्य करू नये. खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ सदस्यीय खंडपीठाने २०१७ मध्येच सांगितले आहे आणि न सिद्ध झालेला आरोप ग्रामसभेत जाहीर वाचणाऱ्यावर बदनामीची तक्रार होऊ शकते. नकार द्यायचा असल्यास तो संबंधित व्यक्तीला बंद लिफाफ्यात, कारणासह द्यावा. अहवाल कुलूपबंद कपाटात ठेवावा, स्वयंसेवक काम सोडून गेल्यावर किती काळाने तो नष्ट करायचा, हे मूळ ठरावातच लिहावे आणि मुलांशी संबंधित कामांसाठी पुढील पडताळणीची तारीख नोंदवहीत आजच घालून ठेवावी.